मटणाच्या नळीवरून हाड वाचायला शिका

नौपाड्यातल्या आमच्या खाटकाला मी पहिल्यांदा "नळी हवी, पण फोडू नका, अख्खी द्या" असं सांगितलं, तेव्हा त्याने सुरा खाली ठेवून माझ्याकडे नीट बघून घेतलं. नळी ही फोडून चोखायची वस्तू, अख्खी नेऊन ही बाई करणार काय? मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. गेली काही वर्षं मे महिन्याच्या सुट्टीत सोसायटीतल्या आठवी-नववीच्या मुलांना घेऊन हा उद्योग चालतो. एक हाड साफ करायचं, कापायचं, मोजायचं, आणि मग तीच नजर घेऊन माणसाच्या हाडांकडे, अगदी लाखो वर्षांपूर्वीच्या हाडांकडे वळायचं. दोन शनिवार-रविवार पुरतात.

मुलांच्या डोक्यात हाड म्हणजे प्रयोगशाळेत टांगलेला पांढरा सांगाडा असतो. ते चित्र आधी पुसावं लागतं. जिवंत हाडात काही पेशी जुनं हाड कुरतडत असतात, काही नवं रचत असतात आणि हाडाच्या आतच अडकून बसलेल्या तिसऱ्या प्रकारच्या पेशी ताण कुठे पडतोय ते टिपत असतात. हाड किंचित वाकलं की आतल्या सूक्ष्म नळ्यांतला द्रव हलतो आणि त्या हालचालीवरून या पेशींना भार कळतो. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा भाग दरवर्षी नव्याने बांधला जातो. शरीर बांधकाम करतं ते भार बघून, एवढं ध्यानात ठेवलं की पुढच्या पायऱ्या सोप्या जातात.

पायरी १: नळी आणणं

बोकडाच्या मागच्या रानेतली, म्हणजे मांडीची, नळी मागा. दोन्ही बाजूंची मिळाली तर उत्तम. पाया सूपसाठी मिळतो तोही एक घ्या, त्याची गंमत पुढे आहे. खाटकाला ठोकळ्यावर ठेवून घाव घालू देऊ नका. घावाने हाड चिरफळतं आणि मग मोजण्यासारखं काही उरत नाही. बोकड साधारण किती महिन्यांचा होता हेही विचारा. टोकांना वेगळी चकती सुटून येत असेल तर तो वाढीच्या वयातला होता असं समजा. ती चकती जिथे जोडलेली असते तिथे कूर्चा असते आणि हाडाची लांबी तिथेच वाढते.

घरात मांसाहार चालत नसेल तर तिसऱ्या पायरीतला कागदाचा प्रयोग आणि पाचवीतले एक्स-रे एवढ्यावरही काम भागतं. आमच्या गटातली एक मुलगी दर वर्षी तसंच करते, आणि तिची मापं सगळ्यांत नेटकी असतात.

पायरी २: साफ करणं

आधी मटण खाऊन घ्या. हे गमतीने सांगत नाहीये. साबणाच्या पाण्यात हाड गेल्यावर रस्सा करता येत नाही, आणि एका घरी हा क्रम उलटा झाला होता.

उरलेलं हाड जुन्या पातेल्यात, पाण्यात चमचाभर कपडे धुण्याची पावडर टाकून मंद आचेवर दोन-तीन तास ठेवा. कुकर नको, त्यात हाड भुसभुशीत होतं. जुन्या टूथब्रशने घासा. पांढरं करायचं असेल तर औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये, हातमोजे घालून, दिवसभर बुडवून ठेवा. घरातलं ब्लीच वापरू नका. ते हाडच खातं. मग सावलीत वाळवा. ठाण्याच्या पावसाळ्यात हे वाळवणं जमत नाही, बुरशी येते, म्हणून मे महिना.

पायरी ३: कापणं आणि मोजणं

हाडाची लांबी घ्या आणि बरोबर मध्यावर पेन्सिलीने खूण करा. हा मध्य महत्त्वाचा. जगभरचे संशोधक लांबीच्या ठरावीक टक्क्यावरच माप घेतात, नाहीतर माझं हाड आणि तुमचं हाड यांची तुलनाच होणार नाही. खुणेवर लोखंड कापायच्या करवतीने कापा. हाड ओलं करून, नाकावर फडकं बांधून, आणि मोठ्या माणसानेच. आतली मज्जा काडीने काढून टाका.

आता व्हर्नियर कॅलिपरने चार मापं: बाहेरचा व्यास पुढून मागे, बाहेरचा व्यास डावीकडून उजवीकडे, आणि पोकळीचे तसेच दोन. प्रत्येक माप तीनदा घेऊन सरासरी काढा.

समजा बाहेरचा व्यास १८ मिलिमीटर आला आणि पोकळीचा १२. हाड वाकायला किती विरोध करतं हे व्यासाच्या चौथ्या घातावर ठरतं. १८चा चौथा घात १,०४,९७६ आणि १२चा २०,७३६. वजाबाकी ८४,२४०. आता डोळ्यांसमोर असं हाड आणा ज्यात माल तेवढाच आहे, पण तो जरा बाहेर सरकवलाय: बाहेरचा व्यास २१, पोकळी साधारण १६.२. त्याची वजाबाकी येते सुमारे १,२६,४००. म्हणजे एक ग्रॅमही हाड न वाढवता वाकण्याला होणारा विरोध दीडपट झाला. फक्त ३ मिलिमीटरच्या फरकाने! मुलं इथे दर वर्षी आकडे पुन्हा तपासतात.

हेच कागदावर करून बघा. एकसारखे दोन कागद घ्या. एकाची घट्ट, पेन्सिलीएवढी सुरळी, दुसऱ्याची झाडूच्या दांड्याएवढी नळी. दोन पुस्तकांच्या गठ्ठ्यांमध्ये वीस सेंटिमीटर अंतर ठेवून प्रत्येक नळी आडवी ठेवा आणि मधोमध दोऱ्याने कप बांधून त्यात एकेक नाणं टाकत जा. मग नळी आणखी रुंद करत जा. एका टप्प्यानंतर भिंत इतकी पातळ होते की नळी वाकण्याऐवजी चुरगळते. वय वाढतं तसं माणसाच्या लांब हाडांची पोकळी आतून रुंदावते आणि भिंत पातळ होत जाते. बाहेरून थोडं हाड चढतं, पण आतली गळती भरून काढायला ते पुरत नाही. आजीच्या हाडाचं काय होतं ते मुलांना इथे, चुरगळलेल्या कागदावर, कळतं.

आणि तो पाया? त्यावर मधोमध एक उभी खाच दिसेल. ती दोन वेगळी हाडं होती, उत्क्रांतीत एकत्र जुळली. धावणाऱ्या खुरवाल्या प्राण्याची ही रचना.

पायरी ४: टोकाची जाळी

मांडीच्या हाडाचं वरचं टोक, खुब्यात बसणारा गोळा, उभा कापा. आत स्पंजासारखी जाळी दिसेल. भिंगाने बघा: तिचे तंतू वेडेवाकडे नसतात, कमानींसारखे वळलेले असतात. १८६०च्या दशकात झुरिकमध्ये हर्मान फॉन मायर या शरीररचनातज्ज्ञाने काढलेली माणसाच्या मांडीच्या हाडातली अशीच चित्रं कार्ल कुलमान नावाच्या अभियंत्याने पाहिली. त्याला त्या रेषा ओळखीच्या वाटल्या. वाकड्या मानेच्या क्रेनवर भार पडला की ताण ज्या रेषांनी वाहतो, तशाच त्या होत्या. यावरून पुढे बर्लिनचा शल्यविशारद युलियस वोल्फ याने १८९२ साली ग्रंथ लिहिला, आणि हाड भाराप्रमाणे आकार बदलतं या म्हणण्याला त्याचं नाव चिकटलं. वोल्फला वाटत होतं की हे काटेकोर गणिती सूत्रात बसवता येईल. तसं ते बसत नाही. म्हणून आजचे अभ्यासक 'वोल्फचा नियम' म्हणायला कचरतात, पण मूळ कल्पना टिकून आहे.

पायरी ५: घरातले एक्स-रे

प्रत्येक मराठी घरात कपाटावर किंवा गादीखाली एक्स-रेंचं मोठं पाकीट असतं. ते काढा. यासाठी नवा एक्स-रे मात्र काढू नका, नुसत्या हौसेपायी किरणं घेण्यात अर्थ नाही.

पंजाचा एक्स-रे मिळाला तर खिडकीच्या उजेडात धरा. तर्जनीच्या मुळाशी असलेलं तळहातातलं लांब हाड शोधा. मध्यावर त्याची एकूण रुंदी मोजा, मग आतल्या काळपट पट्ट्याची. दोन्हींतला फरक म्हणजे दोन बाजूंच्या भिंतींची मिळून जाडी. आजोबांचा आणि नातवाचा पंजा शेजारी ठेवला की फरक डोळ्यांनीच दिसतो. या मापावरून कुणाला ठिसूळपणा आहे-नाही हे ठरवू नका. ते काम डॉक्टरांचं आणि हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीचं.

इथे मुलं हमखास एक चूक करतात. बोलिंग टाकणारा मुलगा आपल्या दोन्ही कोपरांची रुंदी मोजतो आणि "मॅडम, काहीच फरक नाही" म्हणून हिरमुसतो. फरक नसणारच. सांध्याची टोकं भाराने फारशी बदलत नाहीत, बदलतो तो मधला दांडा, आणि तो दंडाच्या स्नायूंखाली झाकलेला असतो. संशोधकांना हाच स्वभाव कामी येतो. सांध्याच्या आकारावरून माणूस केवढा होता याचा अंदाज बांधायचा, दांड्याच्या आकारावरून तो किती राबला याचा.

दांड्यात पडणारा फरक मात्र थक्क करणारा असू शकतो. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात व्यावसायिक टेनिसपटूंच्या दोन्ही दंडांचे एक्स-रे तुलनेला घेतले होते. खेळणाऱ्या हाताच्या हाडाची भिंत पुरुषांत सुमारे ३५ टक्के आणि स्त्रियांत सुमारे २८ टक्के जाड निघाली. ही तुलना मला फार आवडते, कारण माणूस तोच, जेवण तेच, आईवडील तेच. वेगळा काय तो हात. २००९च्या एका अभ्यासात क्रिकेटपटूंचा फेकणारा हात दुसऱ्याहून बळकट दिसला, तर जलतरणपटूंचे दोन्ही दंड सारखेच बळकट.

पायरी ६: आता उलटं वाचा

इथवर आपण काम माहीत असताना हाड बघत होतो. उत्क्रांतीचे अभ्यासक उलट्या दिशेने जातात: हाड हातात आहे, काम शोधायचंय.

सराव म्हणून मुलांना मी विचारते: पाटा-वरवंटा आणि जातं, दोन्हींवर राबणाऱ्या बाईच्या हातांत काय फरक पडेल? आमच्या आजेसासूबाई चेंदणीला राहायच्या, त्यांच्या घरी दोन्ही होतं. वरवंटा दोन हातांनी पुढे-मागे ढकलायचा, म्हणजे भार दोन्ही दंडांवर सारखा. जात्याचा खुंटा एका हाताने फिरवायचा, दमला की हात बदलायचा. समोर दुसरी बाई बसली तर वेगळंच. मुलं जमिनीवर बसून हातवारे करून बघतात, आणि कुठला स्नायू कुठे ओढतो ते सांगतात.

मग त्यांना खरी गोष्ट सांगते. २०१७ साली केंब्रिजच्या ॲलिसन मॅकिंटॉश, जे स्टॉक आणि सहकाऱ्यांनी मध्य युरोपातल्या पहिल्या शेतकरी स्त्रियांची दंडाची हाडं आजच्या स्त्रियांशी ताडून पाहिली. तुलनेला विद्यापीठाच्या होडी वल्हवणाऱ्या संघातल्या खेळाडू होत्या, ज्या आठवड्याला सरासरी १२० किलोमीटर वल्हवायच्या. नवाश्मयुगातल्या त्या बायकांचे दंड, शरीराच्या मानाने, या खेळाडूंपेक्षाही ११ ते १६ टक्के बळकट निघाले; साध्या विद्यार्थिनींपेक्षा जवळपास ३० टक्के. संशोधकांचा अंदाज असा की हे बळ दळणाचं, म्हणजे दगडी पाट्यावर दगड पुढे-मागे रगडण्याचं असावं. आपल्या पाटा-वरवंट्याची ही थेट बहीण. त्याआधी अशा स्त्रियांची हाडं त्याच काळातल्या पुरुषांशी ताडली जायची आणि "बायका फार काम करत नसाव्यात" असा अर्थ निघायचा. पुरुषांचं हाड भाराला वेगळ्या प्रमाणात उत्तर देतं, त्यामुळे ती फूटपट्टीच चुकीची होती. पाट्यावर बसलेल्या कुठल्याही बाईने हे आधीच सांगितलं असतं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

दुसरं उदाहरण खुब्याचं. अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये सापडलेल्या सुमारे ७,००० वर्षांपूर्वीच्या शिकारी-संग्राहकांच्या आणि सुमारे ७०० वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या खुब्यातली जाळी टिमोथी रायन आणि कॉलिन शॉ यांनी तपासली. शिकाऱ्यांच्या जाळीत हाडाचा भरणा अंदाजे २० टक्क्यांनी जास्त होता. म्हणजे माणसाचा सांगाडा हलका झाला तो बराचसा बैठ्या जगण्याने.

'लुसी' तर सर्वांना माहीत असते: माणसाच्या आदिम पूर्वजांपैकी एकीचा सांगाडा, इथिओपियातल्या हडार इथे १९७४ साली सापडलेला, सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीचा. ती दोन पायांवर चालायची हे खुबा-गुडघ्यावरून ठरलं होतं. २०१६मध्ये ख्रिस्तोफर रफ आणि सहकाऱ्यांनी सीटी स्कॅनवरून तिच्या हातापायांच्या दांड्यांची ताकद मोजली. पायांच्या मानाने हात आपल्यापेक्षा बरेच दणकट निघाले. म्हणजे तिला झाडावर नुसतं चढता येत होतं एवढंच नाही, ती खरोखर चढायची. एवढं ठाम बोलता येतं, कारण दांड्याची जाडी आयुष्यभराच्या वापराने घडते; पूर्वजांकडून नुसता वारसा म्हणून मिळालेल्या खुणेबद्दल तसं म्हणता येत नाही.

सापळेही इथेच आहेत. निअँडरथल, म्हणजे आपल्या जवळच्या पण आता नामशेष झालेल्या मानवांचा, उजवा दंड डाव्यापेक्षा खूप बळकट असतो. बरीच वर्षं उत्तर तयार होतं: भाला खुपसायचे. २०१२मध्ये शॉ आणि सहकाऱ्यांनी आजच्या माणसांच्या हाताला स्नायूंची हालचाल टिपणारी यंत्रं लावून बघितलं. दोन हातांनी भाला खुपसताना उजव्यापेक्षा डावा हात जास्त राबला. कातडं खरवडताना मात्र उजवा. शूर शिकाऱ्याच्या जागी एकदम कातडं कमावणारा माणूस येऊन बसला, आणि माझ्या वर्गातली निम्मी मुलं नाराज झाली.

म्हणून वहीत एक नियम लिहून घ्या: हाड भार सांगतं, धंदा सांगत नाही. घोट्याजवळचंच बघा. नेहमी उकिडवं बसणाऱ्यांच्या नडगीच्या खालच्या कडेला आणि त्याखालच्या हाडाला छोटे गुळगुळीत ठसे उमटतात. हॅवलॉक चार्ल्स या डॉक्टराने १८९३ साली पंजाबी लोकांच्या हाडांवरून ते मांडले. ठसा दिसला की बसण्याची सवय कळते. तो माणूस चुलीपुढे बसायचा, शेतात खुरपायचा की मासळी निवडायचा, ते कळत नाही. ते खड्ड्यात सोबत सापडलेल्या वस्तूंनी सांगायचं.

आणखी चार गोष्टी आकडा फिरवतात: वय, शरीराचं आकारमान, खाणं आणि अनुवंश. सारखंच धावणाऱ्या दोघांची हाडं सारखीच जाड होतील असं नाही. काम कुठल्या वयात सुरू झालं हे तर फारच महत्त्वाचं. बेसबॉल फेकणाऱ्या खेळाडूंवरच्या २०१४च्या अभ्यासात दिसलं की तरुणपणी दंडाच्या आकारात झालेल्या वाढीपैकी जवळपास निम्मी, खेळ सोडून दशकं उलटली तरी टिकून राहते. त्यामुळे साठीतल्या माणसाच्या हाडात त्याची विशी वाचायला मिळू शकते, आणि ते लक्षात न घेतल्यास आपण फसतो.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर शिरूर तालुक्यातलं इनामगाव. घोड नदीकाठची ही ताम्रपाषाणयुगीन वस्ती डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ दरम्यान उत्खनन करून उजेडात आणली. दोनशेहून अधिक दफनं मिळाली. शेवटच्या टप्प्यात पाऊसपाणी बिघडून शेती मागे पडली आणि शिकार, पशुपालन वाढलं. एकाच गावात जगण्याची रीत बदलली, म्हणजे आपला सगळा प्रश्न एका जागी. पण बऱ्याच प्रौढांना घोट्यापासून पाय तोडून पुरलेलं आहे. मग उकिडव्या बसण्याचे ठसे कुठे शोधणार?

पायरी ७: स्वतःच्या हाडांसाठी

मुलं शेवटी विचारतातच, "मग आम्ही काय करायचं?"

हाड तास मोजत नाही. पक्ष्यांच्या पंखातल्या हाडावर केलेल्या १९८४च्या प्रयोगात रोज फक्त ३६ वेळा भार दिल्यावर हाड वाढलं, आणि १,८०० वेळा दिल्यावर त्याहून जास्त वाढलं नाही. त्याला हवा असतो बदलता, थोडा झटक्याचा, वेगवेगळ्या दिशांनी येणारा भार, आणि मध्ये विश्रांती. उपवन तलावाभोवती तासभर रमतगमत चालणं हृदयाला आणि मनाला छान, पण हाडाला त्यातून फार नवं काही कळत नाही. पोहणं आणि सायकल यांचंही खुबा-मांडीच्या बाबतीत तेच. लंगडी, खो-खो, दोरीच्या उड्या, मल्लखांब, येऊरच्या चढणीवर पळणं हे सगळं कामाचं. दिवसात दोन-तीनदा पाच-पाच मिनिटं.

मोठ्यांनी लिफ्ट सोडावी आणि जिने उतरावेतसुद्धा. उतरताना टाच आपटते, ती हाडाला ऐकू जाते. लफबरो विद्यापीठाच्या एका अभ्यासात ६५ ते ८० वयाच्या पुरुषांनी वर्षभर रोज एकाच पायावर ५० उड्या मारल्या, हळूहळू वाढवत नेऊन. उडी मारणाऱ्या पायाच्या खुब्याचं हाड दुसऱ्या पायापेक्षा सुधारलं. पण ते निवडलेले, निरोगी लोक होते. तुमच्या आजोबांना हे वाचून दाखवून लगेच उड्या मारायला लावू नका. हाडं ठिसूळ असतील, गुडघे दुखत असतील, तोल जात असेल तर आधी डॉक्टर, आणि उडीच्या जागी कठडा धरून टाचा उचलून खाली आपटणं.

हे कळायला महिने लागतात. हाडाची एक जागा कुरतडून पुन्हा भरायला साधारण तीन ते सहा महिने जातात, तेव्हा पंधरा दिवसांत काही दिसलं नाही म्हणून सोडू नका.

हाडं फेकू नका. खोक्यात भरताना प्रत्येकावर पेन्सिलीने लिहा: डावं की उजवं, बोकडाचं वय, तारीख, कापलेली जागा. सोबत डांबरगोळी ठेवा. आमच्या पहिल्या वर्षीच्या पाच नळ्यांवर कुणीच काही लिहिलं नाही. त्या अजून माझ्या कपाटात आहेत आणि कुठली कोणत्या बाजूची यावर दर मे महिन्यात भांडण होतं.